जरा जाऊन येते...!

शीर्षक वाचून हसू आलं असेल तर खुशाल हसा. हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. कुणीतरी फिसकन हसतं, नाहीतर कुणीतरी "शी, जेवताना काय हे!" म्हणून ताट बाजूला सरकवतं. आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी पाऊस येतो, मैत्री येते, आई येते, पहिलं प्रेम तर हमखास येतं. संडास मात्र कधी आलेला नाही. होस्टेलवर राहणाऱ्या माणसाला पहिल्या प्रेमापेक्षा याच जागेची गरज जास्त वेळा पडते, हे कुणी नाकारू शकेल का? तेव्हा यंदा मी लिहिते. संपादकांनी छापलं तर त्यांचे आभार!

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. सेकंड इयरला असताना निदान झालं. नाव लांबलचक आहे, पण रोजच्या जगण्याला नडणारा त्यातला भाग एका साध्या मराठी शब्दात सांगता येतो : घाई. आपण "घाईची लागली" म्हणतो ना, तीच. तुमची घाई लेक्चर संपेपर्यंत दम धरते, माझी धरत नाही. अशा घाईसोबत कॉलेजात कसं राहायचं आणि त्यासाठी कॉलेजने काय करावं, हे मला या लेखात सांगायचं आहे.

आधी थोडी माहिती, व्हायवाला विचारतात तशी. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि त्यावर बारीक जखमा होतात, तो हा आजार. सुरुवात होते मलाशयापासून, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यापासून, आणि तिथून सूज सलग वर पसरत जाते. कुणाची शेवटच्या टप्प्यातच थांबते, कुणाचं सगळं मोठं आतडं व्यापते. शौचातून रक्त आणि आव पडते, पोटात कळा येतात, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं आणि जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. १८५९ साली सॅम्युअल विल्क्स या लंडनच्या डॉक्टरने हे नाव वापरलं. तेव्हापासून इतकी वर्षं गेली, तरी नेमकं कारण सापडलेलं नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, त्यात थोडा आनुवंशिकतेचा आणि थोडा परिस्थितीचा हात असतो, इथपर्यंत कळलेलं आहे. पुष्कळांना तो १५ ते ३० या वयात गाठतो, म्हणजे नेमका आपल्या वयात. औषधांनी तो आटोक्यात राहतो, मधूनमधून उसळतो, पण गोळ्यांनी कायमचा जात नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तो संसर्गजन्य नाही. माझ्यानंतर बाथरूम वापरलं किंवा माझ्या डब्यातलं खाल्लं म्हणून कुणाला होत नाही.

आता ही घाई का होते ते पाहू. होस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. मलाशय म्हणजे अशीच एक टाकी, पण रबराची. निरोगी माणसात ती ताणली जाते, साठा सामावून घेते आणि "भरत आली बरं का" असा निरोप मेंदूला सावकाश पाठवते. मधल्या वेळात तुम्ही जर्नल पुरं करता, चहा पिता, मग निवांत जाता. सुजलेली टाकी नीट ताणलीच जात नाही. शिवाय तिचा सेन्सर इतका हळवा झालेला असतो की तांब्याभर पाणी आलं तरी तो "ओव्हरफ्लो!" म्हणून ओरडतो. बाहेरचा व्हॉल्व्ह आपल्या हातात असतो खरा, पण तो स्नायूचा असतो आणि स्नायू थकतो. पूर्ण जोर लावून तो फार वेळ आवळून धरता येत नाही. "थोडं कंट्रोल करायला शिक" असं सांगणाऱ्यांनी एकदा भरलेली बादली हात लांब करून धरून बघावी. किती वेळ टिकता ते मोजा आणि मग मला सांगा, यात मनाच्या निग्रहाचा काय संबंध?

त्यात आणखी एक गंमत आहे. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करू लागतं. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं आणि सकाळी त्याचा जोर जास्त असतो. म्हणून तर चहा-पोहे झाले की अर्ध्या होस्टेलला बाथरूमची आठवण होते. माझी सगळ्यात वाईट वेळ तीच. आणि पहिलं लेक्चर, पहिलं प्रॅक्टिकल, युनिव्हर्सिटीचा सकाळचा पेपर, इंडस्ट्रियल व्हिजिटची पहाटे निघणारी बस... सगळं नेमकं त्याच वेळेला!

तुम्ही म्हणाल, एका मुलीचा प्रॉब्लेम, तो अख्ख्या कॉलेजने का वाचावा? थोडं गणित करू. पंजाबात ५१,९१० लोकांची घरोघरी जाऊन पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात हा आजार असलेले २३ जण सापडले. म्हणजे १ लाखात सुमारे ४४. या हिशोबाने अडीच हजारांच्या कॉलेजात सरासरी एक जण निघतो. तो एक मीच, असं धरून चालू. पण घाई ही काही या एकाच आजाराची मक्तेदारी नाही. क्रोन्स नावाचा याचा भाऊबंद आहे, आय.बी.एस. आहे, मधुमेह आहे, पाळीचे दिवस आहेत, गरोदर असलेल्या मॅडम आहेत, प्रोस्टेटचा त्रास असलेले सर आहेत. आणि मेसच्या रविवारच्या फीस्टनंतरचा सोमवार तर आपल्या सगळ्यांचाच आहे!

माझ्या बाजूने मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर चांगलंच. पहिलं म्हणजे औषध रोज, बरं वाटत असतानाही. मेसालामिन हे या आजाराचं नेहमीचं औषध. बरं वाटू लागलं की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो आणि आजार उलटण्याचं ते एक मोठं कारण आहे, असं डॉक्टर बजावतात. सूज मलाशयात असेल तेव्हा खालून घ्यायचं औषध, म्हणजे सपोझिटरी किंवा एनिमा, थेट जागेवर काम करतं. ऐकायला कसंतरी वाटतं, पण घाई कमी करण्यात माझा सगळ्यात मोठा दोस्त तोच. जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेत नाही, आजार जोरात असताना ती धोक्याची ठरू शकते. अंगदुखीला मैत्रिणीच्या ड्रॉवरमधली पेनकिलरही नाही, कारण आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी त्रास वाढू शकतो. आधी डॉक्टरांना फोन.

बाकी सगळं नियोजन. लवकर उठायचं, नाश्ता आणि कॉलेज यांच्यात तासाभराचं अंतर ठेवायचं. वर्गात जागा दाराजवळची. सॅकमध्ये एक छोटा पाउच असतो. त्यात टिश्यू, पेपर सोप, जादा अंतर्वस्त्रं, एक पातळ सलवार आणि एक झिपची पिशवी. तो सहसा उघडावा लागत नाही, पण तो आहे म्हणून जीव शांत असतो आणि जीव शांत असला की पोटही थोडं ऐकतं. तुम्हाला कॉलेजचा नकाशा लायब्ररी, कॅन्टीन, झेरॉक्स असा पाठ असेल. मला तो "इथून तिथे किती पावलं" असा पाठ आहे. कुठल्या बाथरूमची कडी लागत नाही, कुठल्या नळाला अकरानंतर पाणी नसतं, हे मला विचारा!

पण या सगळ्या तयारीला एक वस्तू पुरून उरते. कुलूप.

आमच्या मेकॅनिकलच्या बिल्डिंगमध्ये लेडीज टॉयलेट एकच आहे, तळमजल्यावर, आणि त्याला कुलूप असतं. मुली कमी, वापर कमी, बाहेरचं कुणी घुसून घाण करू नये म्हणून लावलेलं. किल्ली ऑफिसात. ऑफिसातून ती शिपाईमामांकडे गेलेली आणि मामा चहाला. मागच्या टर्मला एका प्रॅक्टिकलच्या दिवशी मी ही सगळी साखळी फिरले. दुसऱ्या मजल्यावरून खाली, मग ऑफिसच्या खिडकीपाशी "काय काम आहे?" या प्रश्नाचं उत्तर, मग मामांचा शोध. त्या दिवशी मी पोचले नाही.

यापेक्षा जास्त वर्णन करत नाही. पुढे काय झालं ते मात्र सांगायला हवं. झाडलोट करणाऱ्या मावशी जिन्याखाली होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, स्टाफच्या बाथरूमचं दार उघडलं, बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि बाहेर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. कुणी आलं की "धुणं चाललंय, थांबा" म्हणत होत्या. काय झालं, कशानं झालं, एक शब्द विचारला नाही. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "पोरी, पुढल्या वेळी सरळ माझ्याकडं ये." मावशींना कोलायटिसबद्दल काही माहीत नव्हतं. माहीत असायची गरजही पडली नाही.

माझं सगळं म्हणणं यातच आलं. घाई असलेल्या माणसाला सहानुभूती नंतर दिली तरी चालेल, आधी वाट द्या. आणि वाट देताना कारण विचारू नका. कारण सांगण्याइतका वेळ आमच्याकडे नसतो आणि साठ जणांच्या वर्गात सांगण्यासारखं ते कारणही नसतं.

कारण विचारायची सवय आपल्याला शाळेपासूनची. मराठी शाळेत करंगळी वर केली की भागायचं म्हणे. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना पूर्ण वाक्य लागायचं. "कॅन आय गो टू द टॉयलेट, मिस?" असं विचारलं की मिस म्हणायच्या, "से, मे आय!" पायाला पाय आवळून उभं असलेलं पोर आधी व्याकरण सुधारणार, मग जाणार! 'कॅन' म्हणजे जमेल का आणि 'मे' म्हणजे परवानगी आहे का, हा फरक तेव्हाच पक्का झाला. आज मी मतदान करू शकते, लेथ चालवू शकते, पण या एका बाबतीत अजून 'मे आय'मध्येच अडकलेली आहे. फक्त मिसच्या जागी सुपरवायझर आले.

फार जुनी एक तक्रार आठवते. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे ऑफिसला पत्र लिहिलं. फणस खाऊन पोट फुगलेलं, म्हणून ते अहमदपूर स्टेशनवर उतरून शौचाला गेले. एवढ्यात गार्डने शिट्टी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते धावले, पडले, फलाटावरच्या बायका-पुरुषांदेखत त्यांची शोभा झाली आणि गाडी निघून गेली. हे पत्र तुमच्यापैकी अनेकांनी फॉरवर्डमध्ये वाचलं असेल आणि त्यातल्या मोडक्या इंग्रजीला हसलाही असाल. त्या इंग्रजीला हसण्यात आम्ही कॉन्व्हेंटवाले तर सगळ्यात पुढे! पण भाषा बाजूला ठेवून वाचलं तर माणसाचं म्हणणं अगदी सरळ आहे. गार्डने माझ्यासाठी पाच मिनिटं गाडी का थांबवली नाही? या प्रश्नात हसण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

तर आपल्या कॉलेजपुरत्या माझ्या चार मागण्या आहेत. एकीलाही फारसा खर्च नाही.

पहिली, कॉलेजच्या वेळात कुठल्याही टॉयलेटला कुलूप नको. घाण होते हे खरं, पण त्यावर उपाय सफाई वाढवणं हा आहे. घाण होते म्हणून आपण मेसला कुलूप लावत नाही.

दुसरी, परीक्षा. पहिला अर्धा तास कुणालाही बाहेर सोडायचं नाही हा नियम कॉपी रोखण्यासाठी आहे, हे मला मान्य आहे. ज्यांना त्रास आहे त्यांनी टर्मच्या सुरुवातीला डॉक्टरांचं पत्र परीक्षा विभागात द्यावं. विभागाने सुपरवायझरच्या यादीत त्या नंबरापुढे नुसती एक खूण करावी, आजाराचं नाव नको. जागा दाराजवळ द्यावी. जाताना पेपर टेबलावर, रजिस्टरमध्ये वेळेची नोंद, सोबत मामा किंवा मावशी. यात कॉपीला जागा कुठे राहते? आणि गेलेली मिनिटं शेवटी माझ्याच पेपरातून जाणार आहेत.

तिसरी, होस्टेल. आमच्या विंगमध्ये आम्ही एक साधा नियम केला आहे. सकाळच्या रांगेत कुणी "अर्जंट" म्हटलं की तिला पुढे सोडायचं, प्रश्न विचारायचा नाही. सुरुवातीला सगळ्या म्हणाल्या, असं केलं तर प्रत्येकीच अर्जंट होईल! पहिल्या आठवड्यात दोघी-तिघींनी गंमत म्हणून वापरून पाहिलं. नंतर आपोआप थांबलं. आता जी म्हणते तिला खरंच गरज असते. कधी मला, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी. रेक्टर मॅडमनी हा नियम सगळ्या विंग्जना आणि मुलांच्या होस्टेललाही सुचवावा.

चौथी, सहली आणि व्हिजिट्स. बस दर दीड तासाने एखाद्या पंपावर किंवा हॉटेलपाशी थांबेल, असं निघण्यापूर्वीच ठरवून सगळ्यांना सांगावं. कुठे थांबणार हे आधी माहीत असलं की निम्मी घाई तिथेच कमी होते. ड्रायव्हरकाकांना एकटीने जाऊन विनवण्या कराव्या लागल्या की मुली व्हिजिटलाच येत नाहीत. मग हजेरीपटावर दिसतं "अनुत्साही"!

"अशी सूट दिली तर सगळे गैरफायदा घेतील" हा आक्षेप मला ठाऊक आहे. घेतील थोडेजण. लेक्चर बुडवून बाथरूममध्ये मोबाईल बघत बसणारे आजही आहेतच, कुलपाने ते थांबलेले नाहीत. त्यांना दहा मिनिटं फुकट मिळाली तर कॉलेजचं फार बिघडत नाही. गरज असलेल्या एकाला दार बंद मिळालं तर मात्र तो माणूस दुसऱ्या दिवशी वर्गात यायलाच घाबरतो. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. फॅक्टर ऑफ सेफ्टी आपण कुठल्या बाजूला धरतो, हे आपल्या शाखेच्या मुलांना मी सांगायला नको.

अमेरिकेत इलिनॉय राज्याने २००५ साली असा कायदाच केला. क्रोन्स असलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलीला दुकानदाराने टॉयलेट वापरू दिलं नाही, त्यातून तो झाला. अशा रुग्णांना दुकानातलं कर्मचाऱ्यांचं टॉयलेट वापरू द्यावं, असं तो सांगतो. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेले आहेत, त्यात आमचा आजार नाही. म्हणून कायदा होईपर्यंत थांबायचं का? कुलूप काढायला कायदा लागत नाही.

आणि कृपा करून "बिचारी" म्हणू नका. स्टीव्ह रेडग्रेव्ह या ब्रिटिश नौकानयनपटूला १९९२ साली हाच आजार असल्याचं कळलं. त्यानंतर त्याने १९९६ आणि २००० च्या ऑलिम्पिकमध्येही सुवर्ण मिळवलं, सलग पाच ऑलिम्पिकमधली पाच सुवर्णपदकं पुरी केली. जपानचे शिंझो आबे यांना किशोरवयापासून हा त्रास. २००७ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडलं, २०१२ मध्ये परत आले, देशात सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिले आणि २०२० मध्ये आजार उलटल्याचं पत्रकार परिषदेत स्वतः सांगून पायउतार झाले. मला ऑलिम्पिकला जायचं नाही की जपान चालवायचा नाही. मला एम-थ्री क्लिअर करायचा आहे, तोही शांतपणे बसून!

शेवटी, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला आठवडे न् आठवडे शौचातून रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल, वजन उतरत असेल, तर "मूळव्याध असेल", "मेसचं तिखट बाधलं असेल" म्हणून दिवस काढू नका. लाजून तर मुळीच नाही. डॉक्टरांकडे जा. कोलोनोस्कोपीची धास्ती वाटते, पण निदान झाल्यावर निदान शत्रूचं नाव तरी कळतं. एकटं जायला नको वाटलं तर आमच्या विंगमध्ये या, मी येईन सोबत.

आपल्याकडे घरातून निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. जाणारा माणूस परत येणार आहे, हे त्यात गृहीत असतं. वर्गातून, परीक्षेच्या हॉलमधून, रांगेतून कुणी घाईघाईने "जरा जाऊन येते" म्हणालं, तर सर, मॅडम, मित्रहो, त्यावर एकच उत्तर पुरेसं आहे : "ये जाऊन."

- तृतीय वर्ष, मेकॅनिकल